‘आणि मंडळी’

कायद्याच्या पेढीचा इतिहास हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावा, असे आम्ही सुचवले तर आमच्या वाचकांपैकी काहींना ती अतिशयोक्ती वाटेल. शाळांचे शताब्दीग्रंथ निघतात, सहकारी बँकांचे आणि वाचनालयांचे निघतात, साखर कारखान्यांचे तर निघतातच. त्यांचे वाङ्मयीन मूल्य आपण क्वचित तपासतो, पण तो प्रकार आपल्या ओळखीचा आहे. वकिलांच्या पेढीचा इतिहास मात्र मराठी वाचकाच्या हाती सहसा पडत नाही. तो इंग्रजीत असतो, चार-दोन पानांचा असतो आणि बहुधा पेढीनेच स्वतःविषयी सांगितलेला असतो. मुंबईच्या फोर्ट भागातील जुन्या पेढ्यांचे असे आत्मवृत्तान्त एकापाठोपाठ एक वाचले की त्यांचा साचा चटकन ध्यानात येतो. आरंभी एक सन. मग एक-दोन इंग्रज, पारशी वा गुजराती गृहस्थांची नावे. नंतर एखादी दगडी इमारत. मग गिरण्या, बँका, विमा कंपन्या यांची कामे. आणि अखेरीस आजच्या भागीदारांची संख्या व शाखांची शहरे. मध्ये शंभर-सव्वाशे वर्षे उलटलेली असतात, पण काळ गेल्याची खूण कोठे उमटत नाही. जणू पेढी जन्मली तेव्हाच प्रौढ होती, आणि पुढे तिने केवळ जागा बदलल्या.

कडोलीसारख्या गावी बसून फोर्टातील सॉलिसिटरांची ही उठाठेव कशाला, असा प्रश्न कोणी केल्यास तो रास्तच होय. आमचे उत्तर असे की ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. आमच्या बांधाचा तंटा चढत चढत गेला तर तो मुंबईच्या उच्च न्यायालयात पोचत असे. आणि त्या राज्याचा कारभार १९३७ ते १९३९ व पुन्हा १९४६ ते १९५२ या काळात ज्यांच्या हाती होता, ते बाळासाहेब खेर व्यवसायाने सॉलिसिटर होते, एका पेढीचे संस्थापक होते. दुसरे उत्तर अधिक निकडीचे आहे. या सीमाभागातील मराठी माणसाचे सार्वजनिक आयुष्य एका दाव्याभोवती फिरत आले आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या मूळ दावा क्रमांक ४ ची तारीख हा आमच्या चावडीवरचा विषय आहे. ज्या समाजाचे भवितव्य कागदपत्रांवर टांगलेले आहे, त्याने कागद कोण सांभाळतो, किती पिढ्या सांभाळतो आणि कोणत्या भाषेत सांभाळतो, हा प्रश्न केवळ वकिलांचा म्हणून सोडून देणे बरे नव्हे.

नावांपासूनच आरंभ करू. क्रॉफर्ड बेली ही पेढी आपला जन्म १८३० मध्ये सांगते, लिटल अँड कंपनी १८५६ मध्ये, वाडिया घांदी १८८३ मध्ये. मुल्ला बंधूंची पेढी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. पुढे तिच्या नावात क्रेगी, ब्लंट आणि कॅरो ही इंग्रजी नावे येऊन मिळाली. यांतले दिनशा मुल्ला हे नाव बेळगावच्या कोर्टाच्या आवारातही परके नाही. एका पारशी गृहस्थाने हिंदू कायद्यावर लिहिलेला ग्रंथ पिढ्यान् पिढ्या वकिलांच्या टेबलावर राहिला आणि ‘मुल्ला काय म्हणतो ते बघू’ हा वाक्प्रचार झाला. ग्रंथकार म्हणून मुल्ला खेड्याच्या वेशीपर्यंत आले. पेढी म्हणून आले नाहीत. असे का, याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

पेढीच्या नावाचा फलक हे मुंबई शहराच्या सामाजिक इतिहासाचे एक अत्यंत संक्षिप्त पान असते. इंग्रजांनी आणि पारशांनी फलकावर आडनावे लावली. गुजरात्यांनी स्वतःची नावे लावली. ‘भाईशंकर, कांगा आणि गिरधरलाल’ या नावात दोन गुजराती व्यक्तिनामांच्या मध्ये एक पारशी आडनाव उभे आहे. खेरांच्या पेढीचे नाव ‘मणिलाल, खेर, अंबालाल अँड कंपनी’. येथेही तीच रचना आहे, मधल्या जागी मराठी आडनाव आहे इतकाच फरक. इंग्रज भागीदार गेले, स्वराज्य आले, रस्त्यांची आणि चौकांची नावे बदलली. पण क्रॉफर्ड, बेली आणि लिटल फलकावरून उतरले नाहीत. अशिलाने विश्वास टाकलेला असतो तो नावावर. म्हणून ज्यांना आजच्या भागीदारांपैकी कोणी पाहिलेले नाही अशांची नावे जपली जातात. हे एक प्रकारचे श्राद्धच आहे, आणि त्यात व्यवहारही आहे.

आम्हांला मात्र या नावांपेक्षा त्यांच्या शेपटाशी येणारे ‘अँड कंपनी’ हे शब्द अधिक बोलके वाटतात. जुन्या मराठीत त्यांचे भाषांतर ‘आणि मंडळी’ असे करीत. ग्रंथविक्रेत्यांच्या आणि छापखान्यांच्या नावांत ते सर्रास आढळे. ‘मंडळी’ हा मराठीत मोठा ऐसपैस शब्द आहे. कीर्तनाला जमते ती मंडळी, नाटक करते ती मंडळी, वऱ्हाडाच्या पंगतीला बसते तीही मंडळी. आणि बायकोचे नाव घ्यायचे नाही म्हणून नवरा जिला ‘आमची मंडळी’ म्हणतो तीसुद्धा. म्हणजे ज्यांच्यावाचून काम चालत नाही आणि ज्यांची नावे घ्यायची नसतात, ते सर्व या एका शब्दात सामावतात. पेढीच्या इतिहासाचे वाङ्मय तपासायचे तर पहिल्या दोन नावांचे किती सांगितले याबरोबर ‘आणि मंडळी’चे किती सांगितले, हेही पाहिले पाहिजे. या कसोटीवर आम्ही वाचलेल्या वृत्तान्तांपैकी एकही उतरत नाही.

आता पेढी मुंबईतच का उभी राहिली, बेळगावात का नाही, याचे कारण. पुष्कळ लोक ते पैशात शोधतात. पैसा हे कारण आहेच, परंतु मुळाशी न्यायालयाची रचना आहे. मुंबई शहरासाठी १८२४ पासून इंग्रजी धर्तीचे सुप्रीम कोर्ट होते. त्यात अटर्नी वेगळा आणि बॅरिस्टर वेगळा. शहराबाहेरच्या मुलखासाठी सदर अदालत होती आणि तेथे एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या नियमसंहितेप्रमाणे सनद घेतलेले वकील काम चालवीत. १८६२ मध्ये दोन्ही न्यायालये मिळून उच्च न्यायालय झाले, तरी दोन वंश एका घरात वेगळ्या चुली मांडून राहिले. शहराचे दावे चालत ती मूळ शाखा आणि मुलखातील अपिले चालत ती अपील शाखा. मूळ शाखेत अशिलाने थेट बॅरिस्टराकडे जायचे नाही, असा दंडक होता. अशील सॉलिसिटरकडे जाणार, सॉलिसिटर कागद तयार करणार, बॅरिस्टर निवडणार, त्याला काम आणि मोबदला देणार, आणि बॅरिस्टर उभा राहून बोलणार. मुलखातला वकील मात्र एकटाच ऐकणार, लिहिणार आणि बोलणार.

या विभागणीचा परिणाम दूरगामी झाला. बोलणे हा गुण माणसाबरोबर जातो. लिहिलेले कागद मागे राहतात. बॅरिस्टराची पेढी होऊ शकत नव्हती, कारण त्याचे भांडवल त्याच्या जिभेवर होते. सॉलिसिटरचे भांडवल कपाटात होते. जमिनीचा हक्क निर्वेध आहे की नाही हे पाहायचे तर मागच्या तीस-तीस वर्षांची खरेदीखते, गहाणखते, मृत्युपत्रे, विश्वस्तपत्रे धुंडाळावी लागतात. एकाच मालमत्तेचे व्यवहार एकाच पेढीत तीन पिढ्या झाले असतील तर त्या पेढीचे दफ्तर हीच त्या मालमत्तेची स्मृती होते. आजोबांचा दस्त जेथे आहे तेथेच नातू जातो. पेढी टिकली याचे श्रेय तिचे इतिहासकार संस्थापकांच्या सचोटीला देतात. सचोटी असेलही, पण आमच्या मते निम्मे श्रेय कपाटांना द्यावे लागेल, आणि उरलेल्यातला बराचसा वाटा त्या कपाटांतून नेमका कागद काढून देणाऱ्या मॅनेजिंग क्लार्कला. तो बहुतेक पेढ्यांत आयुष्यभर राहत असे. भागीदार येत-जात, तो असे. याखेरीज उमेदवारी करणारे आर्टिकल्ड क्लार्क असत. ठरावीक वर्षे पेढीत घासून निघाल्यावर त्यांना बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीच्या परीक्षेला बसता येई. पेढी अशा रीतीने आपली माणसे स्वतः घडवीत असे. मुलखातल्या वकिलाकडेही ज्युनियर असत, पण ते शिकून बाहेर पडत आणि समोरच्या गल्लीत आपली पाटी लावीत.

सॉलिसिटर लोकांना दिसत नसे. उच्च न्यायालयाच्या निकालांच्या इंग्रजी मालिका १८७६ पासून प्रसिद्ध होत आल्या. त्यांतील मूळ शाखेचा एखादा जुना निकाल उघडावा. आरंभी पक्षकार, मग बॅरिस्टरांची नावे, मग वादविवाद, मग न्यायमूर्तींचे मत, आणि सर्व संपल्यावर तळाशी बारीक अक्षरांत ‘वादीचे अटर्नी अमुक आणि कंपनी’. पोथीच्या शेवटी लेखनिकाने आपले नाव लिहावे तसे. पोथीचे अभ्यासक लेखनिकाच्या त्या ओळीला फार महत्त्व देतात, कारण पोथी कोठे, कोणासाठी आणि कोणत्या हातांनी लिहिली गेली हे तीच सांगते. निकालांच्या या तळओळीचा असा अभ्यास मराठीत कोणी करील तर मुंबईच्या व्यापाराचा एक वेगळाच नकाशा हाती येईल.

परंतु कपाटाची किल्ली ज्याच्या हाती असते तो दाराचीही किल्ली बाळगतो. पेढ्यांच्या आत्मवृत्तान्तांत या गोष्टीचा उच्चार कधी होत नाही, म्हणून आम्ही ती येथे स्पष्ट मांडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२३ मध्ये बॅरिस्टर म्हणून मुंबई उच्च न्यायालयात काम करू लागले. त्यांच्याइतका व्यासंग त्या आवारात किती जणांपाशी होता? तरीही मूळ शाखेचे काम त्यांच्याकडे आले नाही, कारण ते काम सॉलिसिटरांच्या हातून यायचे आणि सॉलिसिटरांनी अस्पृश्य बॅरिस्टराकडे पाठ फिरवली. अपील शाखेची आणि जिल्ह्याच्या न्यायालयांतली कामे करीत, १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत त्यांनी संसार चालवला. याच वर्षी एप्रिलमध्ये ते आमच्या जिल्ह्यात निपाणीला बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. पुढच्या वर्षी ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेच्या खटल्यात जवळकर-जेधे प्रभृतींची बाजू मांडून त्यांनी त्यांना सोडवले. एका मराठी पुस्तिकेवरचा खटला त्यांच्याकडे आला तो जिल्ह्याच्या वाटेने. फोर्टातील कोणा पेढीने तो पाठवला नव्हता. पेढीच्या वाढीचा इतिहास लिहिताना तिने कोणाची कामे केली हे सांगतात. कोणाला काम दिले नाही हेही त्या इतिहासाचेच एक प्रकरण आहे. ते लिहिले गेले नाही म्हणून ते घडले नाही, असे होत नाही.

बाळासाहेब खेरांचे उदाहरण याच रचनेची दुसरी बाजू दाखवते. रत्नागिरीत जन्मलेला, पुण्या-मुंबईत शिकलेला हा मराठी मनुष्य १९१८ मध्ये पेढी काढतो, ती चालते, आणि तिचे नाव आजही फलकावर आहे. सॉलिसिटरांच्या जगात मराठी आडनाव फलकावर येणे ही तेव्हा नित्याची गोष्ट नव्हती. मराठी बुद्धिमत्ता उच्च न्यायालयात होती, पण ती रावसाहेब मंडलिकांसारख्या अपील शाखेच्या वकिलांत, तेलंगांसारख्या मूळ शाखेत बोलणाऱ्यांत, रानड्यांसारख्या न्यायाधीशांत. कपाटे सांभाळण्याचा धंदा आम्ही मराठी लोकांनी कमी प्रतीचा मानला की काय, असा संशय येतो. वक्तृत्वाचा आम्हांला मोह आहे, दफ्तराचा नाही. ज्या समाजाने पेशवे दफ्तर मागे ठेवले त्याच्याविषयी असे म्हणावे लागते, हे चमत्कारिकच.

खेरांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे आणि ती आमच्या विषयाच्या गाभ्याची आहे. राज्यघटनेप्रमाणे १९५५ मध्ये नेमलेल्या राजभाषा आयोगाचे ते अध्यक्ष होते. आयोगाचा अहवाल १९५६ मध्ये पुरा झाला. सुनीतिकुमार चतर्जी आणि पी. सुब्बरायन या सदस्यांनी त्याला भिन्नमतपत्रिका जोडल्या. खालच्या न्यायालयांत प्रदेशभाषा आणि वर कालांतराने हिंदी, अशी आयोगाची दिशा होती. ज्या मनुष्याच्या पेढीचा व्यवहार इंग्रजीत चालला, तो न्यायालयाच्या भाषेचा विचार करीत होता; आणि ज्या वर्षी तो अहवाल सिद्ध झाला त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणीचा मुलूख मैसूर राज्यात गेला. ‘प्रदेशभाषा’ या शब्दाचा अर्थ आमच्यासाठी एका रात्रीत पालटला. खेर १९५७ च्या मार्चमध्ये वारले.

पेढ्यांची पुढची कथा आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण ती वृत्तपत्रांतून बहुतेकांना ठाऊक आहे. १ जानेवारी १९७७ पासून सॉलिसिटर आणि ॲडव्होकेट हा कायद्याने केलेला भेद संपला. पेढ्या मात्र संपल्या नाहीत, कारण कपाटे होती तेथेच होती. वीसहून अधिक भागीदार घेण्यास १९५६ च्या कंपनी कायद्याची आडकाठी होती, त्यामुळे पेढी कुटुंबाच्या आकाराची राहिली. १९९१ नंतर परदेशी भांडवल आले, २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा मार्ग मिळाला, आणि चाळीस-पन्नास माणसांच्या कचेऱ्या शेकड्यांत गेल्या. १९१७ मध्ये निघालेली अमरचंद मंगलदास ही पेढी आईच्या मृत्युपत्रावरून झालेल्या वादानंतर २०१५ मध्ये दोन भावांत विभागली. दिल्ली एकाकडे, मुंबई दुसऱ्याकडे, आणि आजोबांचे नाव मात्र दोघांनीही ठेवले. आमच्या भागात वाटणीचे दावे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात नवे काही दिसणार नाही. विहीर सामाईक, शेत वेगळे.

मुलखाकडे वळू. वकील या शब्दाच्या जोडीला मराठीत ‘अशील’ हा शब्द आहे. तो अरबीतून आला. मुळात त्याचा अर्थ ‘असल’, म्हणजे ज्याचे काम आहे तो खुद्द धनी. वकील हा त्याच्या वतीने बोलणारा. भाषेने अशिलाला मूळ ठरवले आणि वकिलाला प्रतिनिधी. इतिहासलेखनाने हे उलटे केले. बेळगावचे वकील दत्तोपंत बेळवी यांचे नाव टिळकपक्षाच्या इतिहासात येते. त्यांच्या कचेरीत कोण बसत असे, कोणत्या गावचे लोक येत असत, हे त्या इतिहासात येत नाही. न. चिं. केळकर साताऱ्यास वकिली करीत होते. १८९६ मध्ये टिळकांनी त्यांना पुण्यास बोलावून घेतले आणि वकील मागे पडून संपादक पुढे आला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची उपजीविका वऱ्हाडातल्या वकिलीवर चालली. वाङ्मयाने त्यांचे नाटककार आणि विनोदकार हेच रूप लक्षात ठेवले. मराठी साहित्याला वकील हवा असतो तो वकिली सोडून आलेला, किंवा मग तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मधल्या सुखात्म्यांसारखा, कामे न मिळणारा आणि म्हणून खोट्या कोर्टात सूड उगवणारा. सुखात्मे हे पात्र उत्कृष्ट आहे यात वाद नाही. पण सकाळी आठ वाजता ओसरीवर बसलेल्या सहा अशिलांपुढे शांतपणे वकीलपत्रे भरणारा, तीन गावांच्या भाऊबंदक्या तोंडपाठ असणारा तालुक्याचा वकील मराठी कादंबरीला अजून पुरता दिसलेला नाही.

आणि तो भाषेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा होता. अशील बोलणार ते बेळगावी मराठीत किंवा कन्नडमध्ये, खतपत्र मोडीत, फिर्याद मराठीत, वरचे अपील इंग्रजीत. एका कामाचा प्रवास इतक्या भाषांतून आणि लिप्यांतून वकिलाच्या हाताने होत असे. भाषांतराने काय होते याचे उदाहरण याच भूमीतले आहे. १ मे १९१६ रोजी टिळकांनी बेळगावात स्वराज्यावर मराठीत भाषण केले. ते आणि नंतरची अहमदनगरची दोन भाषणे यांवरून त्यांच्यावर जामिनाचा खटला झाला. वीस हजारांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागितले गेले. जिनांनी बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी तो हुकूम रद्द केला. सुटी वाक्ये न उचलता भाषणांचा समग्र परिणाम पाहिला पाहिजे, हे त्या निकालाचे सूत्र. समीक्षेच्या वर्गात शिकवावे असे हे सूत्र आहे. परंतु न्यायमूर्तींपुढे होते ते इंग्रजी भाषांतर. बेळगावात उच्चारलेले मराठी शब्द न्यायालयाच्या दृष्टीने केवळ भाषांतराचे मूळ होते. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी याच कारणासाठी सरकारी भाषांतराच्या शब्दाशब्दावर हरकत घेतली होती.

१९५६ नंतर आमच्या वकिलांच्या कचेऱ्यांवर काय गुदरले, याचा वृत्तान्त कोणी लिहिलेला नाही. अपिले मुंबईऐवजी बंगळूरला जाऊ लागली. मुंबईच्या वकिलांशी असलेला पिढीजात पत्रव्यवहार आटला. २००८ मध्ये धारवाडला फिरते खंडपीठ आले, २०१३ मध्ये ते कायम झाले आणि अंतर कमी झाले हे मान्य केलेच पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात सुरू झाले. निपाणीहून कोल्हापूर तासाभराच्या वाटेवर, पण निपाणीचे अपील जाते धारवाडला. मधल्या काळात आणखी एक उलथापालथ झाली. १ मार्च १९७४ पासून अमलात आलेल्या कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यातील दुरुस्तीने कुळांनी हक्कासाठी अर्ज करायचे होते. ‘सात नंबरचा फॉर्म’ हे शब्द आमच्या भागातील कोणत्याही वृद्ध शेतकऱ्यापाशी उच्चारून पाहावेत. या अर्जांचा निवाडा करणाऱ्या मंडळांपुढे वकिलांनी उभे राहू नये, असे कलम कायद्यात होते. पुढे ते न्यायालयात टिकले नाही, पण तोवर कित्येक अर्ज दस्तलेखकांनी, तलाठ्यांनी, शिकलेल्या भाच्या-पुतण्यांनी लिहिले. मराठी बोलणारा शेतकरी, राज्यकारभाराची भाषा कन्नड आणि मध्ये वकील नाही. हक्क मिळाले आणि हुकले, दोन्ही या फटीत. यावर एक कादंबरी व्हायला हरकत नव्हती.

बेळगावात राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासून आहे. तेथून शिकून निघालेल्या मराठी आणि कन्नड वकिलांनी या जिल्ह्याची न्यायालये चालवली. त्यांच्यापैकी पहिल्या पिढ्यांतील बहुतेक आता हयात नाहीत. पेढी असती तर त्यांची दफ्तरे नव्या भागीदारांकडे गेली असती. येथे पेढी नाही. मुलगा वकील झाला तर दफ्तर राहते, अभियंता होऊन पुण्याला वा परदेशी गेला तर घर विकताना ते रद्दीच्या वजनावर जाते. एकीकडे सीमाभागातील मराठीपणाचा पुरावा म्हणून आपण जुन्या खतपत्रांकडे, उताऱ्यांकडे, शाळांच्या नोंदींकडे बोट दाखवतो, ८६५ गावांची यादी मुखोद्गत ठेवतो; आणि दुसरीकडे तोच पुरावा फडक्यात बांधलेल्या बस्त्यांच्या रूपाने माळ्यावरून उतरतो आणि तराजूत पडतो. दरवर्षी साहित्य संमेलनाचा मांडव घालणाऱ्या आमच्या गावालाही हे बस्ते वाङ्मय वाटलेले नाहीत. मराठीच्या रक्षणावर आमच्या व्यासपीठांवरून जितकी भाषणे झाली, त्यांच्या शतांश वेळ मोडी वाचायला शिकण्यावर खर्च झाला असता, तर बेळगावच्या एखाद्या तरी जुन्या वकिली कचेरीचा इतिहास आज छापील स्वरूपात वाचायला मिळाला असता.

तो इतिहास मुंबईच्या पेढ्यांच्या साच्यात बसणारा नसेल, आणि बसवूही नये. त्याचा आरंभ संस्थापकाच्या तैलचित्राने करण्याचे कारण नाही. दाव्यांच्या नोंदवहीपासून करावा. तिच्यात गावांची नावे असतात, आणि कोणत्या वर्षी कोणत्या गावचे दावे वाढले हे पाहिले तर दुष्काळ, कुळकायदा, धरण, शहराची हद्दवाढ यांचा माग लागतो. मग तारखा कळवणारी कार्डे घ्यावीत. १९५६ च्या आधीची आणि नंतरची कार्डे शेजारी ठेवून भाषा पाहावी. मग कारकुनाचे अक्षर. एकाच माणसाने चाळीस वर्षे मोडी, बाळबोध आणि पुढे कन्नड लिहिले असेल तर त्याचे नाव संस्थापकाच्या आधी घालावे. मग अशिलांचे अंगठे. मग फीची वही: तिच्या उजव्या रकान्यात काय जमा झाले, काय बाकी राहिले, आणि कोणाच्या नावापुढे वकिलांनी पुढे कधीच काही लिहिले नाही.